नाशिकची पोरं

कळवणहून सुटलेली एसटी नांदुरी, वणी, दिंडोरी करत नाशकात शिरते, आपण उतरतो आणि रिक्षावाल्याला सांगतो, "शरणपूर रोड." दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो, पोराची अ‍ॅडमिशन असो, हा रस्ता काही चुकत नाही. त्याच रस्त्यावर कॅनडा कॉर्नर आहे, आणि हे नाव ऐकून तरी माणूस क्षणभर हसतो, की कॅनडा इथं कुठून आला बुवा! शरणपूरचं मात्र कुणाला काही वाटत नाही. पूर म्हणजे गाव, शरण म्हणजे आसरा. पण आसरा कुणाला? कोण आलं होतं इथं शरण?

ऐका तर मग. इथं आली होती आफ्रिकेची पोरं. गुलाम म्हणून विकली गेलेली, भर समुद्रात सोडवलेली, आणि गोदाकाठच्या या गावाबाहेर लहानाची मोठी झालेली. त्यांतल्या एकानं पुढं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत अख्ख्या इंग्लंडच्या डोळ्यांदेखत एका जगप्रसिद्ध माणसाच्या शवपेटीला हात लावला. एकानं पूर्व आफ्रिकेत पाद्री होऊन माणसांचा मोठा तांडा मृत्यूच्या तोंडातून परत आणला. आणि त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत या मुलांना चक्क एक सामाईक नाव आहे: नासिक बॉइज. नाशिकची पोरं!

आफ्रिका कुठं, नाशिक कुठं? ही गाठ बांधली वाऱ्यानं. आपल्या बाजरीवर पाऊस घेऊन येणारे जे नैऋत्येचे वारे, तेच झांजिबारच्या किनाऱ्यावरून अरबी गलबतांना उत्तरेकडे ढकलत आणायचे. हिवाळ्यात वारा फिरला की गलबतं माघारी. शेकडो वर्षं हा व्यापार असा वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालला. त्यात लवंग असायची, हस्तिदंत असायचं, आणि तळाशी कोंबलेली माणसंही असायची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची गस्ती जहाजं ही गलबतं अडवू लागली. गुलाम सुटले. पण सोडवलेल्या सात-आठ वर्षांच्या पोराला नेऊन ठेवायचं कुठं? त्याचं गाव आफ्रिकेच्या पोटात, शेकडो मैल आत, आणि त्याला स्वतःलाही धड सांगता न येणारं. किनाऱ्यावर परत सोडावं तर झांजिबारचा गुलामबाजार उघडाच होता, तो बंद व्हायला १८७३ साल उजाडावं लागलं. म्हणजे आज सोडवला, उद्या पुन्हा विकला. मग बरीचशी मुलं गस्ती जहाजांबरोबर मुंबईला आली.

इकडं नाशकात चर्च मिशनरी सोसायटीचं काम १८३२ पासून सुरू होतं. विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या पाद्रीबुवांनी १८५४-५५च्या सुमारास शहराबाहेर एक नवी वस्ती वसवली, तीच शरणपूर. ती मुळात आफ्रिकनांसाठी नव्हतीच. धर्म बदलला की घर सुटायचं, जात सुटायची, विहीर सुटायची, हाताचं कामही सुटायचं. अशा मराठी ख्रिस्ती कुटुंबांना राहायला जागा आणि पोटाला उद्योग मिळावा म्हणून ती वस्ती. नंतर त्याच आसऱ्यात मुंबईहून आफ्रिकन मुलं-मुली येऊन दाखल झाली, आणि तिथं त्यांच्यासाठी आश्रम उभा राहिला.

आता जरा डोळ्यांपुढं आणा. आपल्याच लोकांनी वाळीत टाकलेलं मराठी कुटुंब आणि आपल्या लोकांपासून तोडून विकलेलं आफ्रिकन पोर, दोघं एकाच प्रार्थनेला, एकाच बाकावर. बाहेरून आलेल्यांचं स्वागत कसं करावं, यावर आज जगभरची चर्चेस सभा भरवतात. इथं कुणी सभा भरवली नव्हती. मुळात 'आतला' म्हणावा असा कुणी नव्हताच, सगळेच बाहेरचे!

ही मुलं इंग्रजी शिकली, हिंदुस्तानी शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. पुढं त्यांची लग्नंही बहुतेक आपसातच लागली. बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना ती कोणत्या भाषेत घासाघीस करत असतील, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे.

आणि नावं? तीही बदलली. बाप्तिस्म्याबरोबर मुलांना इंग्रजी नावं मिळाली: जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फरार. नीट बघा या यादीकडे. प्राइस म्हणजे शरणपूरचे संस्थापक. फरार हे नाशकात आलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एकाचं आडनाव. आयझेनबर्ग हे मुंबईत आफ्रिकन मुलांत काम करणारे मिशनरी. आसरा देणाऱ्यानं सोबत आपलं आडनावही देऊन टाकलं. आईनं हाक मारलेलं नाव मात्र कुणी विचारलं की नाही, कोण जाणे. मला हे देणं थोडं खुपतंच.

इथं गोष्टीत येतो डेव्हिड लिव्हिंगस्टन, आफ्रिकेचा नकाशा पायांनी काढणारा स्कॉटिश मिशनरी डॉक्टर. १८६४ मध्ये हा गृहस्थ स्वतःची छोटीशी आगबोट हाकत झांजिबारहून ४५ दिवसांत मुंबईला आला होता! सोबतच्या दोन आफ्रिकन मुलांना त्यानं मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं, हेच विल्सन कॉलेजवाले विल्सन. त्यांतला एक चुमा. शेवटच्या मोहिमेची तयारी करायला लिव्हिंगस्टन १८६५ मध्ये पुन्हा मुंबईत आला, तेव्हा त्याला भाषा जाणणारी, हाताला काम येणारी माणसं हवी होती. नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं तयार झाली. १८६६च्या जानेवारीत जहाज सुटलं. गुलाम म्हणून ज्या समुद्रातून आली, तोच समुद्र ही मुलं आता पगारी माणसं म्हणून उलट्या दिशेनं ओलांडत होती.

आणि मग सिनेमात दाखवलं तर आपण "काहीही दाखवतात" म्हणू, असा प्रसंग घडला. आतल्या एका गावात पाहुणे बघायला गर्दी जमली. त्या गर्दीत अब्राहम नावाच्या नाशिकच्या मुलाला एक चेहरा ओळखीचा वाटला. तो त्याचा मामा होता की काका, इंग्रजी शब्दातून कळायला मार्ग नाही. पण ओळख पटली. बातमी काय मिळाली? तुझ्यामागून तुझी आई आणि दोन्ही बहिणीही विकल्या गेल्या. नातलगांनी "राहा इथंच" म्हणून गळ घातली. अब्राहम राहिला नाही. रक्ताचं माणूस समोर उभं असताना तो का थांबला नाही? आई आणि बहिणींवाचून ते गाव त्याला आपलं वाटलं नसेल का?

खरं सांगायचं तर या नऊ जणांवर लिव्हिंगस्टन काही खूश नव्हता. कुणी आजारी पडून दगावला, कुणी परत फिरला, आणि डायरीत त्यांच्याविषयी कुरकुर बरीच आहे. पण १८७२ मध्ये त्याच्या मदतीला नवी तुकडी पोचली, तिच्यातही नाशिकची मुलं होती. जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन ही त्यांतलीच.

१८७३च्या १ मे रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. साहेब गेला. आता काय? आसपास एकही गोरा माणूस नाही, कुणाचा हुकूम नाही. पुरून, पगार बुडाला म्हणून हात झटकून घरी जाता आलं असतं. त्यांनी ठरवलं, प्रेत त्याच्या देशाला पोचवायचं.

कसं पोचवायचं? काळीज आणि आतडी काढून झाडाखाली पुरली. हे काम फरिजाला नावाच्या माणसानं केलं आणि हाताशी होता आपला कॅरस फरार. जेकबनं दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली. (ते खोड पुढं १८९९ मध्ये तोडून लंडनला नेलं.) मग देहात मीठ भरून तो चौदा दिवस उन्हात वाळवला. वरून कापड, त्यावर झाडाच्या सालीची नळी, त्यावर शिडाचं कापड. झालं गाठोडं तयार.

चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीच्या गडावर पायी येणारे आपण दरसाल बघतो. चार-सहा दिवसांत पायांना फोड येतात, तरी वाटेत पाणी असतं, सरबत असतं, मंडपात जेवण असतं. या माणसांची चाल होती आठ-नऊ महिन्यांची, दीड हजार किलोमीटरांहूनही जास्त, आणि खांद्यावर प्रेत! चुमा आणि सुसी हे लिव्हिंगस्टनचे दोघं जुने सोबती म्होरके. वाटेत एक इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथंच पुरा. यांनी ऐकलं नाही. पुढं एका मुलखात लोक प्रेत नेऊ देईनात. तेव्हा यांनी काय करावं? धाटांचं एक खोटं प्रेत बांधलं, "पुरायला परत नेतो" म्हणून काही जण ते घेऊन सगळ्यांदेखत मागं फिरले, आणि खरं प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखं बांधून पुढं सटकलं. वा रे पठ्ठे! फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले.

सोबत इंग्लंडला कोण गेलं? प्रेत घेऊन निघालेल्या बोटीवरून त्यांच्यातला फक्त जेकब. लंडनला डॉक्टरांनी देह तपासला तेव्हा चेहऱ्यावरून ओळख पटणं शक्यच नव्हतं. तीस वर्षांपूर्वी सिंहानं चावलेला डावा दंड तपासला, मोडून नीट न जुळलेलं हाड सापडलं, आणि शंका मिटली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत आठ खांदेकरी होते. त्यांत लिव्हिंगस्टनला आफ्रिकेत शोधून काढणारा प्रसिद्ध पत्रकार स्टॅनली होता, आणि शरणपूरच्या शाळेत अक्षरं गिरवलेला जेकब वेनराइटही होता. जेकबनं स्वतः डायरी लिहिली होती. त्या मृत्यूच्या वेळी तिथं असलेल्या माणसाच्या हातची डायरी! त्याच साली तिचं जर्मन भाषांतर छापून आलं. त्याच्या हातचा मूळ इंग्रजी मजकूर लोकांपुढं यायला मात्र २०१९ साल उजाडलं.

शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमाचं काय झालं? तो रिकामा झाला. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या सूचनेवरून प्राइसनी मोंबासाजवळ नवी वस्ती वसवली, तिचं नाव फ्रिअर टाउन. १८७५ मध्ये दीडशेच्या आसपास आफ्रिकन इथून तिकडं गेले. नव्यानं सोडवलेल्या गुलामांना शिकवायला, घरं बांधायला, हाताखाली धरायला हीच मंडळी. मास्तर, सुतार, लोहार, उपदेशक सगळे हिंदुस्थानात तयार झालेले. तिकडं त्यांना नाव पडलं 'बाँबे आफ्रिकन'. नाशकात आफ्रिकन, आफ्रिकेत मुंबईकर! नाव, कपडे, बोलणं, सगळंच वेगळं. आणि सगळं गोडीगुलाबीनंही चाललं नाही. पगार आणि मान यांवरून गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडत राहिले. आसरा देणाऱ्याला आसरा घेणारा बरोबरीनं बोलू लागला की जड जातंच.

त्यांच्याही आधी, १८६४ मध्ये, दोघं जण तिकडं गेले होते: विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. जोन्स मूळचा लोहारकाम शिकलेला. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टननं दोघांना चर्चची दीक्षा दिली. आजच्या केनियात दीक्षा मिळालेले हे पहिले आफ्रिकन. थोड्याच दिवसांत बिशप युगांडाकडं निघाला आणि जोन्सला सोबत घेतलं. अर्ध्या वाटेवर मोठा तांडा जोन्सच्या हवाली करून तो पुढं गेला आणि मारला गेला. जोन्सनं वाट पाहिली, खात्री करून घेतली आणि उरलेली माणसं घेऊन तो मागं वळला. पुढं एक निळं निशाण. त्यावर पांढऱ्या अक्षरांत बायबलमधला एकच शब्द लिहिला होता, इखाबोद. म्हणजे, वैभव गेलं.

या पोरांतला मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यात जास्त जगला. लिव्हिंगस्टनचा देह वाहणाऱ्यांतला तो शेवटचा माणूस, मोंबासात १९३५ मध्ये वारला. गुलामांची गलबतं दिसली की सावध करायला फ्रिअर टाउनमध्ये एक घंटा वाजवत. स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात, आणि त्या भागाला आजही केंगेलेनी हेच नाव आहे. तिथं गाडीत बसणारा माणूसही "केंगेलेनी" एवढंच सांगून मोकळा होत असणार, आपण इथं रिक्षात बसून "शरणपूर रोड" म्हणतो तसा.