शकुंतलेचे हलकेपण

शकुंतला स्थानकात थांबली की गार्ड खाली उतरायचा आणि तिकिटे फाडायला लागायचा. शेवटच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या बहुतेक स्थानकांत रेल्वेचा माणूसच उरला नव्हता. फाटक लावणे, इंजिन सोडणे-जोडणे, तिकिटे देणे हे सगळे गाडीसोबत फिरणारी मोजकी मंडळीच उरकत. अंतर ११३ किलोमीटर, वेग ताशी वीसच्या आसपास.

या गाडीवर विनोद पुष्कळ झाले. पण आज शहरांसाठी ‘लाइट रेल’ किंवा ‘मेट्रोलाइट’ची चर्चा होते, तेव्हा अशा हलक्या रेल्वेच्या गुणदोषांचा धडा वऱ्हाडाने शंभर वर्षे गिरवला आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली ती कापसासाठी. दारव्हा, कारंजा भागातल्या गाठी मुंबई बंदराच्या वाटेला लावायच्या, तेही कमी भांडवलात. म्हणून शकुंतलेच्या रुळांमधले अंतर ठेवले ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचे असते १,६७६.

अंतर कमी केल्याने नेमके काय साधते? रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसवलेली असतात, ती वेगवेगळी फिरू शकत नाहीत. गाडी काटकोनात वळली तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा ब्रॉडगेजवर सुमारे २.६ मीटर लांब भरतो, शकुंतलेच्या मार्गावर फक्त १.२ मीटर. फरक कमी, म्हणून वळण अधिक आखूड घेता येते. मग टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालायचा. भराव, पूल, जमीन, सगळ्यातच बचत. वजनाचे गणित एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेत मांडले होते. भार आसांवर सारखा वाटून प्रत्येकी पाच टनांवर ठेवला की हलके रूळही पुरतात.

शिवाय पोलादी रुळावर पोलादी चाक टायरपेक्षा कितीतरी कमी जोर लावून फिरते, त्यामुळे थोड्या इंधनात जास्त ओझे ओढले जाते. मात्र ही घसरडी जोडी चढावर आणि ब्रेक लावताना नडते. शहरातल्या ट्रामलाही हाच त्रास. त्यात समोर हातगाडी आली तर ट्राम बाजूने काढता येत नाही. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांनी ओढलेली आणि १९०७ पासून विजेवर धावलेली ट्राम अखेर ३१ मार्च १९६४ रोजी थांबली.

शकुंतलेचे खरे दुखणे मात्र मूर्तिजापूरला होते. तिथे छोटी लाइन संपायची आणि मोठी सुरू व्हायची. डबा पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे प्रत्येक गाठ हमालाच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात. रूळ टाकताना वाचवलेला पैसा असा रोज थोडा थोडा परत द्यावा लागे. ट्रक आले, ते जिनिंगच्या दारातूनच माल उचलू लागले आणि मालवाहतूक हातची गेली.

दुसरे दुखणे देखभालीचे. हलक्या रुळाला सोसण्याची ताकद बेताचीच, म्हणून त्याची निगा जास्त राखावी लागते. इथे मार्ग खासगी कंपनीचा आणि गाडी चालवणार भारतीय रेल्वे. रूळ खचले की वेग कमी करायचा, हाच उपाय ठरला. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत राहिले, त्यानंतर डिझेल आले. पण मार्ग जुनाच राहिला आणि गाडीचा वेग काही वाढला नाही. दोष हलकेपणाचा कमी, त्या हलकेपणाकडे शंभर वर्षे कुणी लक्ष न देण्याचा जास्त.

नव्या शहरी लाइट रेलचा आराखडा समोर आला की वाचकांनी दोनच प्रश्न विचारावेत: उतरल्यावर पुढची गाडी किती पावलांवर आहे, आणि तीस वर्षांनी रूळ बदलायचे पैसे कुणाच्या खिशातून येणार? यवतमाळपुरता निकाल लागला आहे. २८४ किलोमीटरचा वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग ब्रॉडगेजच आखला गेला. त्यातल्या वर्धा-कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले.