विश्लेषण : मूल दोन्ही घरांत राहत असेल, तर पोटगी कमी होते का?

विभक्त झाल्यावर मुलाने काही दिवस आईकडे आणि काही दिवस वडिलांकडे राहायचे, असा तोडगा अनेक जोडपी काढतात. मग लगेच पुढचा वाद सुरू होतो : मूल निम्मा महिना माझ्याकडेच असेल, तर मी पोटगी का द्यायची? दिवस वाटून घेतले म्हणून खर्चही आपोआप निम्मा-निम्मा होतो का?

पोटगी नेमकी कोणाची?

पत्नीची पोटगी वेगळी आणि मुलाची वेगळी. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईने समझोत्यात स्वतःच्या पोटगीवर पाणी सोडले, तरी मुलाचा हक्क संपत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी आई आणि वडील या दोघांवर आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) कोणत्याही धर्माच्या पालकाकडून अल्पवयीन मुलासाठी पोटगी मागता येते.

संयुक्त ताब्याची तरतूद आहे का?

कायद्यात तशी स्पष्ट तरतूद नाही. विधी आयोगाने मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात ती करण्याची शिफारस केली होती. मात्र मुलाचे हित पाहून न्यायालये असा आदेश देऊ शकतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका प्रकरणात मुलाला जानेवारी ते जून वडिलांकडे आणि जुलै ते डिसेंबर आईकडे ठेवण्याचा आदेश दिला. शिक्षण व इतर खर्च दोघांनी समान वाटून घ्यावा, असेही सांगितले.

रक्कम कशी ठरते?

ब्रिटनमध्ये रात्री मोजल्या जातात. मूल वर्षातून ५२ ते १०३ रात्री पैसे देणाऱ्या पालकाकडे राहिले, तर सरकारी हिशेबातील रक्कम एक सप्तमांशाने घटते. भारतात असा तक्ता नाही. येथे न्यायालय दोघांचे उत्पन्न, मुलाच्या गरजा आणि आतापर्यंतचे राहणीमान पाहते.

रजनेश विरुद्ध नेहा या २०२० मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी करावा. पत्नी पुरेसे कमावत असेल, तर तो उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येईल, असेही म्हटले. त्याआधी २००० मध्ये पद्मजा शर्मा प्रकरणात दोघांचे पगार पाहून मुलांचा खर्च वडील आणि आईमध्ये २:१ असा विभागण्यात आला होता.

हिशेब कसा बदलतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वडिलांचा पगार एक लाख, आईचा ५० हजार आणि मुलाचा महिन्याचा खर्च ३० हजार रुपये. २:१ प्रमाणे वडिलांचा वाटा २० हजार, आईचा १० हजार. खर्चापैकी १२ हजार जेवणखाण आणि रोजच्या गरजांचे; १८ हजार शाळेची फी, क्लास, औषधपाणी यांचे. हे १८ हजार आई भरते.

मूल पूर्णवेळ आईकडे असेल, तर वडिलांनी २० हजार द्यावेत. मूल १५ दिवस वडिलांकडे राहू लागले, तर रोजच्या खर्चातले सहा हजार वडील थेट करतील. म्हणून आईला द्यायची रक्कम १४ हजारांवर येईल, शून्यावर नाही. महिन्यातून चारच दिवस मूल वडिलांकडे असेल, तर कपात जेमतेम १,६०० रुपये. कारण मूल कुठेही झोपले, तरी शाळेची फी तेवढीच राहते. शिवाय अंथरूण-पांघरूण, अभ्यासाचे टेबल, कपडे दोन्ही घरांत लागतात. म्हणजे एकूण खर्च वाढतो.

न्यायालय असा हिशेब जसाच्या तसा लावेलच असे नाही. पण कोणता खर्च विभागला जातो आणि कोणता नाही, हे त्यातून कळते.

भेट नाकारली, तर पोटगी थांबवता येते का?

नाही. भेटीचा आदेश पाळला जात नसेल, तर त्यासाठी न्यायालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. त्याचप्रमाणे पोटगी थकली म्हणून मुलाची भेट परस्पर बंद करता येत नाही. ताब्याचे दिवस किंवा उत्पन्न बदलले, तर रक्कम बदलून घेण्यासाठी अर्ज करता येतो. नवा आदेश येईपर्यंत जुनी रक्कम भरावीच लागते.

समझोत्यात काय लिहून घ्यावे?

‘खर्च दोघे मिळून करतील’ एवढे वाक्य पुरत नाही. फी कोण, कोणत्या तारखेला भरणार. आजारपणाचा मोठा खर्च कोणत्या प्रमाणात वाटायचा. सुट्टीत मूल एकाकडेच राहिले, तर त्या महिन्याची रक्कम किती आणि दरवर्षी वाढ किती, हे आकड्यांत लिहावे. पैसे रोख न देता बँकेतून पाठवावेत. पुढे वाद झालाच, तर तीच नोंद कामी येते.