मासे मरतात ते कुणाच्या हाताने?

आमची धाकटी बहीण अंबरनाथला दिली आहे. गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी आम्हाला रजा होती म्हणून तिच्याकडे गेलो, तर घरात कुणी कुणाशी नीट बोलेना. विचारल्यावर कळले की, फिश टँकमधला सातवा मासा सकाळी मेला. दोन महिन्यांपूर्वी दहा गोल्डफिश आणले होते, त्यांतले तीन उरले. आमचा नऊ वर्षांचा भाचा भिंतीकडे तोंड करून बसला होता. जवळ घेतले तेव्हा म्हणाला, "मामा, आजी म्हणते माझ्या हाताला यश नाही. मी खायला टाकतो म्हणून मासे मरतात."

वाचक बंधू-भगिनींनो, सात मासे मेल्याचे वाईट वाटलेच. पण पोराचे हे बोलणे आमच्या मनाला जास्त लागले. शेजारच्या बाई समजूत घालायला आल्या होत्या. त्यांचे म्हणणे असे की, मासा मेला ते बरेच झाले, घरावर येणारे संकट त्याने स्वतःवर घेतले. म्हणजे कुणी पोराला दोष दिला, कुणी माशाचे उपकार मानले. मासा मेला कशाने, हे मात्र कोणीच विचारले नाही.

आम्ही पेशाने कारकून. हिशेब जुळला नाही तर आम्ही नशिबाला बोल लावत नाही, वही पहिल्या पानापासून तपासतो. बहिणीच्या भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्यावर दुधाचे खाडे लिहिलेले होते. तीच खाली काढली आणि कोणता मासा कधी मेला, हे घरातल्या सगळ्यांना आठवायला लावून खुणा केल्या. सातांपैकी सहा मासे सोमवारी किंवा मंगळवारी मेले होते. मग प्रश्न उरला एकच : रविवारी या घरात काय होते?

दाजी अभिमानाने म्हणाले, "दर रविवारी टँक मी स्वतः धुतो." मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी ओतून द्यायचे, काच, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा घासायचा, नळाचे ताजे पाणी भरायचे आणि मासे परत सोडायचे. इतकी स्वच्छता, तरी मासे मरतात! खरे तर त्या स्वच्छतेतच मरणाचे कारण दडले होते.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. हे माशाला विष आहे. स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, पण दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते बरेच कमी घातक असते. नव्या टँकमध्ये या जीवाणूंचे बस्तान बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दाजी दर रविवारी त्यांना नळाखाली धुऊन टाकत होते. टँक दोन महिन्यांचा दिसत असला तरी प्रत्येक सोमवारी तो नवाच असे.

दुसरे कारण क्लोरीन. आपल्या भागात उल्हास नदीचे आणि बारवी धरणाचे पाणी शुद्ध करून येते. त्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात आणि पावसाळ्यात गढूळ पाण्याला तो जास्त लागतो. माणसाला तो हवाच, नाहीतर कावीळ-जुलाबाची साथ येईल. पण तेच पाणी माशाचे कल्ले जाळते आणि ते उपयोगी जीवाणूही मारते.

तिसरे कारण गर्दी. टँक दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली तर जेमतेम ४५ ते ५० लिटर उरते. गोल्डफिश चांगला मोठा होतो आणि घाणही फार करतो. एवढ्याशा पाण्यात दहा मासे म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत दोन बिऱ्हाडे!

आजीचे म्हणणे मात्र अगदीच निराधार नव्हते. पोर दिवसातून पाच वेळा चिमूट चिमूट खाणे टाकत होते आणि उरलेले तळाशी कुजत होते. पण ही चूक मापाची होती, हाताची नव्हे. माप शिकवता येते. 'हातच वाईट' म्हटले की शिकवायला काही उरत नाही.

प्रत्येक घरी कारण एकच असेल असे नाही. बदलापूरचे एक गृहस्थ लोकलमध्ये आमच्याबरोबर असतात. मे महिन्यात रात्री वीज गेली, बुडबुड्यांची मोटर बंद पडली आणि सकाळी त्यांचे सगळे मासे वर तरंगत होते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात टँकमध्ये गर्दी. उल्हासनगरच्या एका परिचितांनी बंद खोलीत डासांचा फवारा मारला. मोटरने खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडली. डासांचे औषध माशांना फार घातक असते.

म्हणून आधी मरणाची तऱ्हा पाहावी. सगळे एकदम मेले तर विषारी फवारा, क्लोरीन किंवा प्राणवायूचा तुटवडा. काही दिवसांच्या अंतराने, वर येऊन तोंड उघडत एकेक मेला तर बहुधा अमोनिया. अंगावर पांढरे ठिपके किंवा झडलेले पर दिसले तर रोग. तो मासा वेगळा ठेवावा. बोअरचे पाणी वापरत असाल तर आधी तपासून घ्यावे, विशेषतः नाल्याजवळच्या आणि कारखान्यांजवळच्या वस्तीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो माणसे आजारी पडली होती, हे आपण विसरू नये.

बहिणीच्या घरी आम्ही ठरवून दिलेले नियम असे : आठवड्याला फक्त पाव हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, म्हणजे क्लोरीन बराचसा उडून जातो आणि पाणी खोलीइतके कोमट होते. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात. स्पंज नळाखाली धुऊ नये, टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. साबण लावू नये. खाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. फवारा मारायचाच असेल तर मोटर बंद करून टँक झाकावा आणि खोलीत हवा खेळल्यावर मोटर लगेच सुरू करावी. मासे धापा टाकताना दिसले तर खाणे थांबवून पाव ते अर्धे पाणी तेवढ्याच कोमट, क्लोरीन काढलेल्या पाण्याने बदलावे.

भाच्याला आम्ही एक वही दिली. तारीख, पाणी, खाणे, मासे कसे वागले, असे चार रकाने आखून दिले. आजीजवळ बसून एवढेच म्हणालो, "आत्याबाई, आमच्या हाताने पाणी बाटतं असं आपल्या वाडवडिलांना ऐकवलं गेलं. त्याला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर उत्तर मिळालं. मग आपल्याच नातवाच्या हाताला आपण दोष लावायचा का?" त्या काही बोलल्या नाहीत.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. तिन्ही मासे जिवंत आहेत. एवढ्या टँकला तीनही जास्तच, म्हणून आणखी आणायचे नाहीत, असे भाच्यानेच वहीत लिहून ठेवले आहे. परवा आम्ही गेलो तेव्हा आजी टँकपाशी उभ्या राहून हाक मारत होत्या, "अरे, यांचं खाणं राहिलंय. ये, तूच टाक."