मूळव्याधच असेल!

सरकारी खर्चाने एचआयव्हीची औषधं मिळायला १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. सांगली-साताऱ्याला त्यांची निकड होतीच. माण-खटावातून माथाडी कामाला मुंबई, खानापूर-आटपाडीतून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्याला देशभर, अशी पांगापांग असलेला हा मुलूख, आणि साथ अशाच वाटांनी पसरते. सांगलीत ‘संग्राम’ संस्था १९९२ मध्ये आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद १९९६ मध्ये उभी राहिली ती या साथीच्या तोंडावरच. त्या काळी तिशीत असलेला आणि गोळ्यांवर तगलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढू लागतो तो याच वयात.

एआरटी केंद्रात, म्हणजे जिथे ही औषधं मिळतात तिथे, वजन होतं, बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, ठरावीक काळाने रक्त काढून विषाणूचा भार बघतात. हे हवंच. पण एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशींची रक्तात नुसती ये-जा. वस्ती बरीचशी आतड्यात. १९९८ साली माकडांत आणि २००४ मध्ये माणसांत दिसून आलं, की लागण झाल्यावर थोड्याच काळात आतड्याच्या अस्तरातल्या या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, रक्तातला आकडा तेवढा घसरलेला नसतानाही. त्यांतल्या टीएच-१७ पेशी अस्तराची राखण करणाऱ्या. त्या गेल्या की अस्तराचा बांध झिरपू लागतो. जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात उतरतात, हे २००६ मध्ये मोजून दाखवलं गेलं, आणि शरीरात सुजेची बारीक धग कायम राहते. औषधं विषाणूला दाबतात. बांध पुरता बुजत नाही, विशेषतः उपचार उशिरा सुरू झाले असतील तर. आपल्याकडे २०१७ पर्यंत सीडी-फोर ठरावीक आकड्याखाली येण्याची वाट बघितली जायची.

इथून ‘म्हणजे आतड्याचा कर्करोग वाढणार’ असं म्हणायचा मोह होतो. वर्षानुवर्षं सुजलेल्या आतड्यात कर्करोगाचा धोका वाढतो, हे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दिसतंही. पण नोंदी तसं म्हणत नाहीत. अमेरिकेत एचआयव्ही आणि कर्करोगाच्या नोंदवह्या जोडून पाहिल्या, तेव्हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा वाढलेलं आढळलं नाही. खूप वाढलेला आढळतो तो गुदद्वाराचा, जो मुख्यतः एचपीव्ही या वेगळ्या विषाणूमुळे होतो. आणि बायकांत गर्भाशयमुखाचा, जगभरच्या अभ्यासांत सुमारे सहापट. धग खरी, पण तिथून कर्करोगापर्यंतची वाट सिद्ध झालेली नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. त्यात भारतात मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी; सरसकट सगळ्यांची कोलोनोस्कोपी करा म्हणणं हा सरकारी दवाखान्यावर नुसता बोजा.

माझं म्हणणं त्याहून साधं आहे. धोका इतरांइतकाच धरला तरी तेवढा तो आहेच, आणि या माणसांत कर्करोग ओळखायला उशीर व्हायची कारणं जास्त. वजन उतरलं की टीबीचा संशय, जुलाब लागले की संसर्ग, रक्त पडलं की मूळव्याध. हिमोग्लोबिन उतरलं की वर्षानुवर्षं बोट झिडोव्हुडीन या एचआयव्हीच्या जुन्या औषधाकडे जायचं आणि ते अनेकदा बरोबरही असायचं, कारण त्या औषधाने रक्त कमी होतंच. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन, डोल्युटेग्रॅव्हिर मिळून एकच गोळी असते. पन्नाशीच्या पुरुषाचं रक्त कमी झालं तर दोष द्यायला जुनं औषध उरलेलं नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ तर डोळ्यांना दिसणार नाही असं रक्त गाळत राहते. पुष्कळदा चेहऱ्याचा फिकेपणा हीच तिची पहिली खूण.

‘केंद्रावर आधीच गर्दी, त्यात हे कुठे?’ असं कुणी म्हणेल. यंत्र लागत नाही. गोळ्या मोजता मोजता विचारायचं: शौचावाटे रक्त पडतं का, शौचाची सवय बदलली का? ‘हो’ आलं तर हातमोजा घालून बोटाने तपासणी. गुदद्वाराची आणि गुदाशयातली खालची गाठ हाताला लागू शकते. मग गरजेप्रमाणे दुर्बीण. अडतं ते पुढे, दुसऱ्या दवाखान्यात एचआयव्ही म्हटल्यावर टाळाटाळ झाली तर. ती आता बेकायदा आहे: २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तेव्हा रक्त पडत असेल तर मूळव्याधच असेल म्हणून गप्प बसू नका; पुढच्या खेपेला गोळ्या घ्यायला जाल तेव्हा कुणी विचारायची वाट न बघता सांगा.