व्हॅन गॉग यांचे ‘शयनगृह’ : घराची प्रतिमा आणि विटलेले रंग

इ.स. २०१६ मध्ये शिकागो येथील आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयाने डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३-१८९०) यांच्या ‘शयनगृह’ या चित्राच्या तिन्ही आवृत्त्या एकत्र मांडल्या होत्या. सतत बिऱ्हाडे बदलणाऱ्या या कलावंताने फ्रान्समधील आर्ल येथे १८८८ साली ‘पिवळे घर’ भाड्याने घेतले व त्यातील आपली खोली रंगविली. रंगांतून विश्रांतीचा भाव सुचवावा, हा हेतू त्यांनी बंधू थिओ यांना पत्राद्वारे कळविला होता. पुढे ओलाव्याने मूळ चित्राची हानी झाली. १८८९ मध्ये, सेंट रेमी येथील मनोरुग्णालयात असताना, त्यांनी आणखी दोन आवृत्त्या केल्या. घर सुटले होते. चित्रात मात्र ते पुन्हा उभे राहिले.

प्रदर्शनाच्या निमित्ताने पुढे आलेले रंगद्रव्यांचे संशोधन महत्त्वपूर्ण आहे. आज निळ्या दिसणाऱ्या भिंती मुळात फिकट जांभळ्या होत्या. त्यांतील तांबडे रंगद्रव्य कालांतराने विटले. जांभळा व पिवळा हे परस्परपूरक रंग होत. साहजिकच पिवळसर पलंगाशी भिंतींचा असलेला मेळ क्षीण झाला. त्यामुळे आजच्या निळ्या छटेवरून या घरात केवळ उदासीनता वाचणे सदोष ठरते. चित्रकाराचे शब्द व प्रयोगशाळेतील पुरावा यांचा एकत्रित विचार झाल्यासच त्यांना अभिप्रेत असलेल्या घराचा यथार्थ बोध होऊ शकतो.