परीक्षा कोण ‘टेक’ करतं?

मराठीत शिक्षक परीक्षा घेतात, विद्यार्थी देतात. इंग्रजीत मात्र परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी. आपल्याकडे सर्रास बोललं जाणारं ‘आय गेव्ह द एक्झाम’ त्यामुळे लंडनकराला बुचकळ्यात टाकेल. या माणसाने परीक्षा दिली की इतरांची घेतली? व्याकरण बिनचूक, जोडी चुकलेली.

‘टेक’ हे क्रियापद इंग्रजीत आलं वायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून. त्याने ‘निमन’ या घरच्या क्रियापदाला हुसकावून लावलं. जर्मनमध्ये त्याचं भावंड ‘नेमेन’ अजून नांदतंय. इंग्रजीत त्याची खूण राहिली ती बधिर या अर्थाच्या ‘नम’ शब्दात. ज्याची संवेदना काढून घेतली, तो ‘नम’.

‘टेक अ वॉक’, ‘टेक अ फोटो’ यांत खरं काम नाम करतं. ‘टेक’ फक्त काळ आणि पुरुष सांभाळतं. आपल्या ‘मार खाणे’मध्ये तरी खाण्यासारखं काय असतं? कोणत्या नामाला कोणतं क्रियापद, हे रूढी ठरवते. अमेरिकन माणूस शॉवर ‘टेक’ करतो, ब्रिटिश बहुधा ‘हॅव’ करतो. इथे तर्क लढवू नये, जोडी पाठ करावी.

पुढे ‘ऑफ’, ‘इन’ असे शब्द लागले की मात्र तर्क उपयोगी पडतो, कारण अर्थाची दिशा तेच दाखवतात. ‘ऑफ’ म्हणजे सुटणं, वेगळं होणं: अंगावरून कपडे, धावपट्टीवरून विमान, किमतीतून दहा रुपये, कामातून एक दिवस. सगळीकडे ‘टेक ऑफ’च. ‘इन’ आत ओढतं. शिंपी सैल कपडा आवळतो, कुणी निराश्रिताला घरात घेतं, श्रोता व्याख्यान समजून घेतो. हे सारं ‘टेक इन’. फसवणूकसुद्धा! फसलेला माणूस ‘टेकन इन’ असतो, जणू कुणी त्याला जाळ्यात ओढलं. मला यांतला हाच अर्थ सर्वांत चलाख वाटतो.

शब्दक्रमाची एक मेख आहे. ‘टेक ऑफ युअर शूज’ चालतं, ‘टेक युअर शूज ऑफ’ही चालतं. पण बुटांऐवजी सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ कुणी म्हणत नाही. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईवडिलांच्या वळणावर जाणं. ही जोडी मात्र फुटत नाही, म्हणून मुलगी आईवर गेली असेल तर ‘शी टेक्स आफ्टर हर’ एवढंच.