ग्रुप बी: रॅलीतली सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात छोटी गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की ‘ग्रुप बी’ म्हणजे नक्की काय आणि ते बंद का झालं. तर आज तेच.

आधी थोडं मागचं. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप, म्हणजे डब्ल्यूआरसी, सुरू झाली १९७३ ला. मोंटे कार्लोची रॅली त्याहून खूप जुनी, १९११ ची. अशा आधीपासूनच्या रॅल्या एकत्र करून ही मालिका बनवली. सुरुवातीला फक्त कंपन्यांना किताब मिळायचा. ड्रायव्हरला वर्ल्ड चॅम्पियन म्हणायला १९७९ उजाडलं!

आता खरी भानगड. रॅलीत गाडी उतरवायची तर कंपनीला तशा ठरावीक संख्येने गाड्या बनवाव्या लागतात. १९८२ ला ग्रुप बी आला आणि ती संख्या झाली फक्त २००. एवढुशा गाड्या काय, कंपनी रेसिंगसाठीच बनवणार ना! शोरूमच्या गाडीशी दिसण्यापुरतं नातं, आत सगळं वेगळं. त्यात ऑडी क्वात्रोने चारही चाकांना ताकद देऊन आधीच सगळ्यांची झोप उडवली होती. मग प्यूजो आली, लॅन्सिया आली, फोर्ड आली.

लॅन्सिया डेल्टा एस४ चंच बघा. वजन हजार किलोच्या आत, ताकद साडेचारशे हॉर्सपॉवरच्या वर. आपली स्विफ्ट साधारण तेवढ्याच वजनाची, ताकद ८० च्या आसपास. आणि हे ट्रॅकवर नाही हं, घाटातल्या अरुंद रस्त्यावर. जुने व्हिडिओ बघताना मी एकदा प्लेबॅक स्पीड चेक केला होता, चुकून वाढवलाय की काय म्हणून.

त्याच व्हिडिओंत अजून एक गोष्ट दिसते. माणसं. रस्त्याच्या कडेला नाही, रस्त्यावर! गाडी अगदी जवळ आली की गर्दी फाटते आणि मधून गाडी जाते. काही जण तर गाडीला हात लावायला बघायचे. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालला तेच झालं. जुआकिम सांतोसची फोर्ड गर्दीत घुसली. तिघांचा जीव गेला, तीसहून जास्त जखमी. कंपन्यांच्या टीमचे मोठे ड्रायव्हर एकत्र बसले आणि म्हणाले, आम्ही पुढे चालवणार नाही. रॅली मात्र थांबली नाही, बाकीच्यांनी पुरी केली. मला हे आजही पचत नाही.

मग २ मे, कोर्सिका बेट. लॅन्सियाचा हेन्री टोइवोनेन सगळ्यांच्या पुढे होता. वय २९. डाव्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली आणि पेटली. टाक्या सीटखालीच होत्या. तो आणि को-ड्रायव्हर सर्जियो क्रेस्तो, दोघंही गेले. नेमकं काय चुकलं, ते बघणारं कुणी नव्हतं. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, त्याच रॅलीत लॅन्सियाचाच अत्तिलियो बेत्तेगा गेला होता.

लगेच निर्णय झाला: १९८७ पासून ग्रुप बी बंद. मला विचाराल तर निर्णय बरोबर होता, पण सगळं खापर गाड्यांवर फोडणं सोपं पडलं. पोर्तुगालची गर्दी काही हॉर्सपॉवरने रस्त्यावर आणली नव्हती.

पुढे ग्रुप ए आला. आता ५००० गाड्या बनवा म्हणाले, म्हणजे लोकांना विकता येईल अशीच गाडी हवी. त्यातून लॅन्सियाने १९८७ ते १९९२ सलग सहा किताब मारले. गेममध्ये तुम्ही चालवता ती सुबारू इम्प्रेझा आणि मित्सुबिशी लान्सर इव्हो, त्या पण याच नियमाची पोरं.

आणि गर्दीचं? त्यासाठी एक नाव लक्षात ठेवा. मिशेल मुटाँ. १९८१ ला सानरेमो जिंकून डब्ल्यूआरसीची फेरी जिंकणारी पहिली बाई झाली, १९८२ ला क्वात्रो घेऊन चॅम्पियनशिपमध्ये दुसरी आली. पुढे कित्येक वर्षांनी डब्ल्यूआरसीच्या सेफ्टीची जबाबदारी तिच्याकडे आली. आता माणसं चुकीच्या जागी उभी दिसली, तर अख्खी स्टेज रद्द होऊ शकते. पुढचा भाग पूर्ण तिच्यावरच करतोय. भेटू!